पळसाच्या पानातली नाणी

मासेवाल्या मावशी दर रविवारी सकाळी आमच्या दारात येतात. टोपलं खाली ठेवायच्या आधीच भाव सांगतात आणि बायकोने घासाघीस सुरू केली की हसतात. त्या रविवारी त्यांनी भाव सांगितलाच नाही. टोपलं ओट्यावर टेकवलं, माशांच्या खालून पळसाच्या पानांत गुंडाळलेलं काहीतरी काढलं आणि माझ्या हातात दिलं.

"भाऊ, तुमी जुने पैसे जमा करता ना. पाहा बरं, काय होय हे."

पानं उलगडली. आत चिखलाचं ढेकूळ होतं, अर्ध्या कवठाएवढं, हिरवट राखाडी. एका बाजूची माती निघून गेली होती आणि तिथे पातळ कडा एकीवर एक दिसत होत्या, पुड्यात ओली होऊन चिकटलेली बिस्किटं दिसतात तशा. आकाराच्या मानाने ते फार जड होतं. ती नाणी आहेत हे मला लगेच कळलं. त्या क्षणी आनंद व्हायला हवा होता. पण मी आधी रस्त्याकडे पाहिलं, कोणी बघत तर नाही ना म्हणून.

"कुठे सापडलं?"

"जुन्या गावात. पानी उतरलं ना आता. आमचे बुढे डोंगा लावून रायले होते, मी चिखलातून जाळं ओढून रायली होती, तं पायाले लागलं."

मावशींचं जुनं गाव गोसीखुर्द धरणाच्या पाण्याखाली गेलं आहे. नव्या गावठाणात त्यांना घर मिळालं, पण उन्हाळ्यात पाणी ओसरलं की जुन्या गावाचा उंचवट्यावरचा भाग उघडा पडतो आणि नवरा-बायको मासे धरायला तिकडेच जातात.

"याचे किती येतील?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, "मावशी, लगेच नाही सांगता येत. चार दिवस माझ्याजवळ राहू द्या."

त्या ठेवून गेल्या. पावती नाही, चिठ्ठी नाही. बायको दारातच उभी होती. ती म्हणाली, "हे घरात काहून ठेवून घेतलं तुम्ही?" जमिनीतून निघालेलं जुनं धन सरकारला कळवावं लागतं, न कळवणं हा गुन्हा आहे, हे मला पक्कं ठाऊक होतं. तरी मी ते घेतलं होतं. का, ते सांगायचं तर थोडं मागे जावं लागेल.

मी पवनीतल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत परिचर आहे. परीक्षानळ्या धुणं, द्रावणं तयार करणं, मुलांनी फोडलेल्या काचा गोळा करणं हे माझं काम. नाण्यांचा नाद लागला तो एका भंगारवाल्यामुळे. त्याच्याकडच्या पितळी भांड्यांच्या ढिगात मला मधोमध चौकोनी भोक असलेलं एक नाणं दिसलं. भोकाच्या चारी बाजूंना चिनी अक्षरं होती. पवनीत चिनी नाणं कसं आलं असेल, या विचाराने मी दोन दिवस बेचैन होतो. मग नेपाळचा एक जुना पैसा मिळाला, सिलोनचं माडाचं झाड असलेलं एका सेंटचं नाणं मिळालं, डच व्यापारी कंपनीचं तांब्याचं एक लहानसं नाणं मिळालं. भोसल्यांच्या काळातला म्हणून सांगितलेला एक रुपयाही घेतला. सगळं मळकट होतं, आणि माझ्या हाताशी आम्लाच्या बाटल्या होत्या. एका दुपारी मी तो रुपया सौम्य नायट्रिक आम्लात बुडवला. तो बाहेर आला तेव्हा नव्या वाटीसारखा चकचकीत होता. मला फार अभिमान वाटला.

तो अभिमान नागपुरात उतरला. जुन्या वस्तीत एका म्हाताऱ्या व्यापाऱ्याचं नाण्यांचं दुकान होतं. मी रुपया समोर ठेवला. त्यांनी तो बोटांनी उचललासुद्धा नाही, चिमट्याने उलटा केला आणि विचारलं, "नहलाया धुलाया किसने इसको?"

मी सांगितलं.

"तुम्ही याची कातडी काढली भाऊ. आता हा फक्त चांदीचा तुकडा आहे. मोडीच्या भावाने देऊ शकता."

त्यानंतर काही वर्षं मी नागपूरला गेलो की त्यांच्या दुकानात तासभर बसायचो. ते शिकवतो म्हणून शिकवत नसत, पण गिऱ्हाइकांशी बोलताना माझ्या कानावर पडेल असं बोलत. नाणं किती जुनं आहे हे विचारणारं गिऱ्हाईक आलं की ते कपाळाला आठी घालत. जुनं आहे एवढ्याने काही होत नाही, म्हणत. "दोन हजार वर्षांपूर्वीची नाणी माझ्याकडे डबाभर पडलीत, आणि शंभर वर्षांपूर्वीचं एक आहे जे पुन्हा पाहायला मिळणार नाही." किती उरलीत, टाकसाळीची खूण स्पष्ट आहे का, शिक्का मधोमध बसलाय का, किती झिजलंय, आणि अंगावरचा काळानुसार चढलेला थर शाबूत आहे का, हे सगळं ते एका नजरेत पाहत. माझं चिनी नाणं त्यांनी नखाने खरवडलं. हिरवा रंग नखात आला. "खऱ्याचा हिरवा असा निघत नाही," ते म्हणाले, "आणि अक्षरं बघा, साबणावर काढल्यासारखी." ज्या नाण्यापासून माझा सगळा नाद सुरू झाला ते बनावट निघालं. मला बसमध्ये बसल्यावर रडू आलं होतं, आणि त्याची लाज वाटून मी खिडकीकडे तोंड केलं होतं.

तर इतकं सगळं शिकलेला माणूस होतो मी. आणि तरी मावशींनी दिलेलं ढेकूळ घरात ठेवल्याच्या दुसऱ्याच दिवशी कॉलेज सुटल्यावर मी ते प्रयोगशाळेत नेलं, भिंगाखाली धरलं आणि कडेचं एक नाणं धारदार पात्याने सोडवायला बसलो. फक्त एकच, असं मनाशी म्हटलं. आम्ल वापरायचं नाही, एवढी अक्कल आली होती. पातं दोन नाण्यांच्या फटीत घातलं. नाणं सुटलं, पण पातं घसरलं. हिरव्या थरावर या टोकापासून त्या टोकापर्यंत एक ओरखडा उमटला आणि खालचा धातू उघडा पडला.

माती थोडी बाजूला केल्यावर हत्ती दिसला. सोंड वर केलेला. वर दोन-तीन ब्राह्मी अक्षरं होती. मागच्या बाजूला अधिकाच्या चिन्हाच्या चार टोकांना चार वर्तुळं. तांबं, शिसं आणि कथील यांच्या मिसळीचं, सातवाहनांच्या काळातलं नाणं. मी ते टेबलावर ठेवून दिलं. पवनीत जन्म गेला, इथल्या मातीत असं निघतं हे लहानपणापासून ऐकत आलो, पण निघालेलं इतकं ताजं, चिखलासकट, हातात कधी आलं नव्हतं. आणि पहिली गोष्ट मी केली ती त्याला इजा करण्याची.

घरी येऊन मी ढेकूळ आणि सुटं नाणं दोन्ही पितळी डब्यात घातलं आणि डबा तांदळाच्या कोठीमागे ठेवला. बायकोने पाहिलं. त्या दिवसापासून दार वाजलं की आम्ही दोघं एकमेकांकडे पाहायला लागलो.

बुधवारी मावशींचा जावई कॉलेजात आला. तो गवंडीकाम करतो, शांत पोरगा आहे. त्याने फोन पुढे केला. ढेकळाचा फोटो होता, मावशींच्या अंगणात काढलेला. त्याने तो कुठल्यातरी जुन्या नाण्यांच्या ग्रुपवर टाकला होता आणि आता त्याला फोनवर फोन येत होते. एकजण लाखांच्या गोष्टी करत होता. फक्त आधी नोंदणीची रक्कम भरायची, मग त्यांचा माणूस येऊन माल घेऊन जाणार.

"भरले नाही ना अजून?" मी विचारलं.

"उद्या भरतो. सासूबाईले नाही सांगितलं."

"भरू नको. हे लुबाडणारे लोक आहेत. आणि असं विकणं गुन्हा आहे."

त्याने फोन खिशात ठेवला. मग अगदी हळू आवाजात म्हणाला, "सर, राग नका मानू. पन माल तं तुमच्याजवळ आहे. तुमीच विकून रायले तं आमाले कसं कळन?"

मला राग आला नाही. वाईट याचं वाटलं की तो बरोबर बोलत होता. त्याच्या जागी मी असतो तर हेच विचारलं असतं. मी त्याला डबा परत देऊ शकलो असतो, पण दिला तर तो दुसऱ्या दिवशी कुठे असेल हे मला दिसत होतं. "रविवारी मी स्वतः मावशींशी बोलतो," एवढंच म्हणालो. तो गेला.

शुक्रवारी एक अनोळखी माणूस मोटारसायकलवरून कॉलेजच्या फाटकाशी आला आणि शिपायाला म्हणाला, नाणी जमवणारे सर कोण? शिपायाने त्याला थेट प्रयोगशाळेत आणलं. माणूस फार गोड बोलत होता. आपण संग्राहक आहोत, चहा घ्यायला चला, म्हणाला. मी म्हटलं माझ्याकडे नेपाळचा पैसा आणि सिलोनचं सेंट आहे, बघायचं का. तो हसला. "साहेब, मला ग्रुपवरच्या फोटोतला गठ्ठा पाहिजे," तो म्हणाला आणि टेबलावर आपला नंबर लिहिलेला कागद ठेवून निघून गेला. तो गेल्यावर मी ब्युरेट भरायला घेतली आणि अर्धं द्रावण बाहेर सांडलं.

शनिवारी सकाळच्या बसने मी नागपूरला गेलो. ढेकूळ नेलं नाही, फक्त ओरखडा पडलेलं नाणं रुमालात बांधून नेलं. भिवापूर गेल्यावर वाटेत पोलिसांनी बस थांबवली, कुणाचीतरी चौकशी होती. ते माझ्याकडे आलेही नाहीत, पण ते खाली उतरेपर्यंत मी खिशावर हात दाबून बसलो होतो.

म्हातारे व्यापारी आता क्वचितच दुकानात बसतात, पण त्या दिवशी होते. त्यांनी नाणं पाहिलं, ओरखडा पाहिला.

"हे कोणी केलं?"

खोटं बोलायची इच्छा झाली. जावयावर ढकललं असतं तर त्यांना कळलंही नसतं. "मी केलं," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली आणि मी सगळं सांगेपर्यंत मध्ये बोलले नाहीत. मग शेजारचा ड्रॉवर ओढून पुढे केला. आत तसलीच नाणी होती. हत्ती, हत्ती, हत्ती. काहींचे तर माझ्या नाण्यावरच्यापेक्षा सुबक.

"ही सगळी कायद्याने, कागदासकट आलेली. एकेकट्याला फार काही येत नाही. तुमच्या त्या बाईला वाटत असेल लाख मिळतील, तर तिला सांगा, सुटी करून विकली तर नाही मिळणार. पण न फोडलेला गठ्ठा, कुठल्या गावात, कुठल्या जागी, कशाजवळ सापडला हे माहीत असलेला, तो माझ्याकडे नाही. मला पन्नास वर्षांत नाही मिळाला. तो विकायचा नसतो, भाऊ. तो वाचायचा असतो. कोणी कधी पुरला, कोणत्या राजाचं नाणं कोणाच्या नाण्यावर बसलंय. तुम्ही एक काढलंत, एक ओळ गेली. आता बाकीची जाऊ देऊ नका." ते नाणं त्यांनी परत रुमालात बांधून दिलं. "मी हे घेणार नाही. मी ते पाहिलंही नाही. सोमवारी ऑफिस उघडलं की जा."

रविवारी मावशी आल्या तेव्हा मी त्यांना घरात बसवलं. त्या कधी आत बसत नाहीत. पदराने हात पुसत सतरंजीच्या कडेला बसल्या. मी त्यांना सगळं सांगितलं, नाणं सोडवताना मी ते खराब केलं तेही. मला वाटलं होतं त्या चिडतील.

"म्हंजे तुमाले पन नाही समजलं," त्या म्हणाल्या. मग पदराचं टोक बोटाला गुंडाळत त्यांनी विचारलं, "सरकारले देलं तं आमच्या बुढ्याले पकडतील का? त्या पान्यात मासे धराले कागद लागते म्हनतात."

"नाही पकडणार. मी सोबत येतो."

"तुमाले पकडलं तं?"

मी मागे वळून पाहिलं. बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती म्हणाली, "पकडलं तर मी येईन सोडवायला. पण आता ते घरातून जाऊ द्या." तिचा आवाज जरा रडवेला होता. आठ दिवसांत ती पहिल्यांदा एवढं बोलली होती.

सोमवारी आम्ही तहसील कार्यालयात गेलो. मावशी, त्यांचे यजमान, जावई आणि मी. डबा माझ्या मांडीवर होता. बाकावर दीड तास बसलो. जावई माझ्या शेजारी न बसता खिडकीशी उभा राहिला. बाबूने नाव विचारलं, धंदा विचारला, आणि सापडलेल्या जागेचं गाव विचारलं. मावशींनी जुन्या गावाचं नाव सांगितलं. त्याने कॉम्प्युटरमध्ये पाहिलं.

"हे गाव यादीत नाही आता. नवं गावठाण लिहितो."

"नाही," मावशी म्हणाल्या.

"अहो बाई, तुम्ही राहता तिथे ना?"

"राहतो तिथं. सापडलं तिथं नाही. तिथं आमची घरं नवतीच तं पैसे कुठून येतील?"

त्या एरवी कचेरीत तोंड उघडणाऱ्या बाई नाहीत. पण त्या दिवशी टेबलाला दोन्ही हात लावून उभ्या राहिल्या आणि हटल्या नाहीत. बाबू वैतागून आत गेला. साहेब बाहेर आले. त्यांनी डबा उघडायला सांगितला, ढेकूळ पाहिलं आणि माझ्याकडे वळले.

"कधीपासून तुमच्याकडे आहे?"

"आठ दिवस."

"आठ दिवस काहून ठेवलं?"

मी तयार केलेली सगळी वाक्यं विसरलो. "पाहायचा मोह झाला साहेब," मी म्हणालो. "एक मी सोडवलंही. ते हे." रुमाल पुढे केला.

त्यांनी रुमालातलं नाणं पाहिलं. मग बाबूला म्हणाले, "हे वेगळं लिहा. सोडवलेलं, एक, ओरखड्यासह. यांच्या जबाबात घ्या." आणि गावाच्या रकान्यात स्वतःच्या पेनाने जुन्या गावाचं नाव लिहिलं, कंसात बुडीत. मावशींना लिहिता येत नाही. त्यांनी ते अक्षर बोटाने दाखवून जावयाला विचारलं, हे काय होय. त्याने वाचलं. मग त्यांनी अंगठा दिला.

मला वाटलं होतं, सुटलो. पण त्यानंतरचे दिवस आणखी वाईट गेले. जबाब दिला होता, सही केली होती, आणि पुढे काय होणार हे कोणी सांगत नव्हतं. पोस्टमन गल्लीत शिरला की मी हातातलं काम ठेवायचो. नोकरी जाईल का, प्राचार्यांना कळलं का, हे विचार सकाळपासून सुरू व्हायचे. बायकोने एकदा माझ्या ताटातला भात तसाच राहिलेला पाहून म्हटलं, "खरं सांगून टाकलं ना, मग आता कायले भिता?"

मे महिन्यात नागपूरहून पुरातत्त्व खात्याच्या एक बाई आल्या, सोबत दोन माणसं. जागा दाखवायला मलाही बोलावलं. मावशींच्या डोंग्यातून, लहान होडीतून, गेलो. गाळ वाळून तडकला होता. मावशी पुढे चालत होत्या आणि रिकाम्या जमिनीवर घरं सांगत होत्या: हे सरपंचाचं, इथं विहीर होती, हा आमचा उंबरा. उंबऱ्याचा दगड खरंच होता. त्यापासून पंधरा पावलांवर त्यांनी जागा दाखवली. बाई गुडघ्यांवर बसल्या, माती बघितली, मोजमापं घेतली. मडक्याचे काळे-तांबडे तुकडे निघाले. त्यांनी मावशींना विचारलं, त्या जागी पूर्वी काय होतं? मावशी म्हणाल्या, जात्याची जागा होती, तिथं कधी खोदलं नाही, सासूबाई खोदू देत नव्हत्या, का ते माहीत नाही. बाईंनी हे वहीत लिहून घेतलं, मावशींच्याच शब्दांत, आणि परत वाचून दाखवलं.

निघताना मी त्यांना ओरखड्याबद्दल विचारलं. किती नुकसान झालं? त्यांनी उलट विचारलं, "ते नाणं कोणत्या थरात होतं हे तुम्हाला आठवतं का?" मी म्हटलं, वरून दुसरं, डाव्या कडेचं. "मग तसं लिहून द्या मला. पूर्ण नाही, पण काहीतरी परत मिळेल." त्या रात्री घरी मी चित्र काढून, बाण दाखवून दोन पानं लिहिली आणि सकाळी पोस्टात टाकली.

माझ्यावर काही कारवाई झाली नाही. गठ्ठा पुरातत्त्व खात्याच्या प्रयोगशाळेत गेला आहे, एकेक नाणं सोडवणं चालू आहे, एवढं कळलं. मावशींना बक्षीस मिळेल असं सांगतात. अजून आलेलं नाही. त्या त्याबद्दल विचारत नाहीत. जावई अजून माझ्याशी मोकळं बोलत नाही, पण त्याने तो ग्रुप सोडला असं मावशींनी सांगितलं.

आता गावात सगळ्यांना माहीत झालंय. मागच्या पंधरवड्यात दिघोरीकडचे एक शेतकरी आले, धानाच्या बांधीत, खाचरात, नांगराला लागलं म्हणून रुमालाची गाठ सोडायला लागले. मी त्यांचा हात धरला आणि म्हणालो, "आधी सांगा, कोणत्या बांधीत, किती खोल, आणि तुम्ही ते पुसलं तर नाही ना?"

ते जरा ओशाळले. "चिंचेनं घासलं जी," ते म्हणाले.

रुमालात इंग्रज राजाचं तोंड असलेला एक तांब्याचा पैसा होता, लखलखीत. मी तो त्यांना परत दिला, पाणी विचारलं आणि त्यांच्या शेजारी बसलो.